टांकसाळीतली चूक, रस्त्यावरचा मार

नगरच्या माळीवाडा बसस्थानकासमोर चहा घेतला, वीसची नोट दिली आणि उरलेल्या पैशांत पाच रुपयांचं एक जुनं, पांढरं, जाड नाणं हातात आलं. कडेला कुणी घास घ्यावा तशी चंद्रकोर कापलेली. चहावाल्याने आपणहून विचारलं, “मामा, जरा तुटकंय, चालंल का?” मी ते मुठीत घट्ट धरलं. इतकी वर्षं चिल्लर चाळताना ज्याची वाट पाहिली ते हेच असेल का, एवढंच डोक्यात होतं.

घरी येऊन भिंग काढलं. अशा नाण्याची किंमत किती, हा प्रश्न फार नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की यातला धातू हलला कधी? ठसा पडण्याआधी, ठसा पडताना, की पडल्यानंतर? पहिल्या दोन वेळा नाणं घडवणाऱ्यांच्या हातातल्या. तिसरीत सगळं जग येतं: गल्ला, खिसा, लोहाराचा हातोडा, रेल्वेचा रूळ.

मुंबईच्या फोर्टातली टांकसाळ असो वा कोलकाता, हैदराबाद, नोएडाची, नाणं घडतं ते एकाच क्रमाने. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. स्टेनलेस स्टीलच्या अशा चकत्या तमिळनाडूतल्या सेलमच्या पोलाद कारखान्यानेही पुरवल्या आहेत. चकती तापवून मऊ करतात, तिची कड दाबून थोडी उचलतात. मग ती पोलादी कड्यात बसते आणि वरचा-खालचा ठसा एकदमच तिच्यावर दाबला जातो. कडं धातूला बाहेर पसरू देत नाही. प्रत्येक खऱ्या चुकीला या क्रमात कुठेतरी जागा असते. ती दाखवता आली नाही, तर नाणं कितीही विचित्र दिसो, मी ते बाजूला ठेवतो.

माझ्या पाचाच्या नाण्याला जागा सापडली. चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर पुढचा घाव आधीच्या गोल भोकावर थोडा चढतो आणि चकती चंद्रकोरीएवढी अपुरी निघते. पण नुसती कोर दिसली म्हणून भागत नाही, कोर कानस मारूनही करता येते. खरी साक्ष असते बरोबर समोरच्या बाजूला. कड उचलताना चकती दोन्हीकडून दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल, तर समोरच्या बाजूला दाब मिळत नाही आणि तिथली कड पुसट राहते. जगभरचे संग्राहक याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. नाणं फिरवलं, भिंग धरलं. कापाच्या थेट समोर कड खरंच विरघळल्यासारखी झाली होती, आणि कापाजवळची अक्षरं त्या पोकळीकडे ओढली गेली होती. अशा पांढऱ्या पाचाचं वजन ९ ग्रॅम असतं. माझं कमी भरलं. कानशीने कापलेलंही कमीच भरेल, म्हणून वजन ही दुय्यम साक्ष. पण समोरची कड कानशीला पुसट करता येत नाही. त्या रात्री मी ते नाणं तीनदा पुन्हा काढून पाहिलं.

बाकीची बहुतेक ‘वेगळी’ नाणी म्हणजे मार खाल्लेली नाणी. दौंड–मनमाड मार्ग नगरवरून जातो, आणि रुळावर रुपया ठेवून गाडीची वाट पाहणारी पोरं प्रत्येक पिढीत असतात. तो रुपया लांबट, पातळ होतो, सिंह आणि आकडे फरफटत जातात. टांकसाळीत कडं नीट न बसताच ठसा पडला, तरी नाणं पसरतं, पण मधली नक्षी दोन्हीकडे धारदार राहते. प्रवरासंगमला नदीत टाकलेली नाणी वाळूने घासून सगळीकडून झिजतात, पितळी नाणी गाळात काळी पडतात. ती पाहून कुणी ‘पातळ चकतीवर पाडलेलं’ म्हणालं, तर मी आधी कड बघतो. झीज उंचवट्यापासून सुरू होते.

एका प्रदर्शनात मीही फसलो होतो. रुपयाच्या एका बाजूवर आकडा उलटा आणि खोल उमटलेला, आरशात दिसावा तसा. अशी खरी चूक असते: आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर तेच ठशाचं काम करतं. तिथे उलटी नक्षी स्वच्छ, पूर्ण असते आणि खाली दुसरं काही नसतं. माझ्या रुपयावर, भिंगाखाली, उलट्या आकड्याच्या मागे चेपलेल्या मूळ नक्षीचा माग दिसत होता. कुणीतरी दोन तयार नाणी पान्यात आवळली होती. विकणाऱ्याला ते ठाऊक होतं, असं आजही वाटतं आणि आजही राग येतो.

ही पारख आपल्याकडे नवी नाही. पेशवाईत नाणी तपासणारा पोतदार असे. ते आडनाव अजून गावोगाव आहे. झिजलेल्या वा हलक्या नाण्यावर सराफ जी सूट कापत, तो बट्टा. नावाला लागणारा बट्टा त्या पेढीवरूनच बोलीत आला. नगर हे तर स्वतः टांकसाळीचं गाव. निजामशाहीचे तांब्याचे पैसे इथे पडले, पुढे मोगलांचे रुपयेही. ते पैसे किंवा शिवराया हातात घेतल्या, तर अर्धी अक्षरं चकतीबाहेर गेलेली दिसतात. ती चूक नाही. ठसा चकतीपेक्षा मोठा आणि घाव हातोड्याचा, त्यामुळे तसंच व्हायचं. यंत्राच्या रुपयावर मात्र तेवढी सरकलेली नक्षी दुर्मीळ ठरते. नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेच्या संग्रहालयात हा बदल पाहण्यासारखा आहे.

चुकीच्या नावाखाली सर्वांत जास्त काय विकलं जातं, तर टांकसाळीची नेहमीची खूण. वर्षाखाली चौकट असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. खूण ‘राहून गेलेलं’ नाणं म्हणून कोलकात्याचा साधा रुपया लोक जपून ठेवतात. दहाच्या नाण्यावरच्या रेषा दहा की पंधरा, यावरूनही केवढा गोंधळ झाला. जानेवारी २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की दहाच्या नाण्याच्या चौदाही नक्षी चलनात आहेत.

ठसा फिरल्याची चूक मात्र कुणालाही घरी तपासता येते. नाणं वर-खाली दोन बोटांत उभं धरा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं फिरवा. आपल्या नाण्यांवर सिंह सरळ असेल, तर मागचा आकडाही सरळच यायला हवा. तो तिरका किंवा उलटा आला, तर ठसा यंत्रात फिरलेला होता. ठोकून, घासून हे करता येत नाही, म्हणून माझा याच चुकीवर सर्वांत जास्त भरवसा आहे. दुहेरी दिसणाऱ्या अक्षरांवर तेवढा नाही. ठसा तयार करतानाच अक्षर त्यावर दोनदा उमटलं, तर दोन्ही रेघा गोलसर आणि उठावदार असतात. नाणं पडताना ठसा थरथरला, तर नुसती चपटी पायरी दिसते, आणि अशी नाणी ढिगाने सापडतात.

‘जुनं नाणं द्या, लाखो मिळवा’ असे फोन खेड्यापाड्यांत येतात, आधी ‘शुल्क’ भरायला सांगतात. ऑगस्ट २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं, की ती अशा व्यवहारात नाही आणि तिच्या नावाने कुणालाही शुल्क मागायचा अधिकार नाही. आई-वडिलांच्या मोबाइलवर असा फोन आला, तर हे त्यांना आजच सांगा.

चहावाला आता माझ्यासाठी विचित्र नाणी डब्यात टाकून ठेवतो. मागच्या आठवड्यात चार निघाली: दोन रुळावरची, एक भोक पाडून गळ्यात घातलेलं, एक आगीतून काळं झालेलं. मी चारही परत दिली आणि पान उलटल्यासारखं नाणं फिरवून पाहायचं त्याला दाखवलं. गिऱ्हाईक थांबलेलं असताना त्याने गल्ल्यातला पहिला रुपया उचलला, फिरवला आणि आकडा सरळ आलेला पाहून दुसरा घेतला.