शाळेच्या आधीची शाळा

"आपली मुलं मुळातच हुशार," असं मंडळाच्या गणेशोत्सवात मीही अनेकदा म्हटलं आहे. इथल्या सरकारी शाळेत गणित शिकवू लागल्यापासून मात्र ते वाक्य ओठांवर येईना.

समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी अमेरिकेतील सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांचा अहवाल १९६६ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की, मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक निगडित असतो.

ते कसं, हे मला एका मुलाने शिकवलं. तो पहिल्या तासाला डुलक्या घेई. आळशी समजून मी रागावले. मग कळलं, आई रात्रपाळीला जाते आणि रात्री तान्ह्या भावाला हाच सांभाळतो. सकाळी पोट रिकामंच. शाळेची मोफत न्याहारी सुरू करून दिली, त्याचा गणिताचा तास दुपारी नेला. हळूहळू तो स्वतःहून फळ्यापाशी येऊ लागला. डोकं तेच होतं!

१९६५च्या कायद्याने इथली दारं उघडली, ती शिकलेल्यांना प्राधान्य देऊन. म्हणजे आपल्या मुलांना पुस्तकं, अभ्यासाची खोली, शिकलेले आईबाप ही शिदोरी आयतीच मिळाली. पण गुणांच्या धाकाने झोप उडालेलं मूल आपल्याही घरात असू शकतं. तेव्हा "किती मार्क पडले?" याआधी "झोप लागली का रे?" हे विचारू या.