पॅटागोनिया रिकामा कधी होता?

पॅटागोनिया हा एक देश आहे, असं समजणारे पुष्कळ जण भेटतात. तो देश नाही. दक्षिण अमेरिकेचा तळाचा निमुळता भाग अर्जेंटिना आणि चिलीत विभागलेला आहे, त्या मुलखाचं हे नाव. मोठा वाटा अर्जेंटिनाचा. ही गल्लत तशी निरुपद्रवी. सगळे गैरसमज तसे नाहीत.

आधी बर्फाचं बघू. फोटोंमुळे तिथे जिकडेतिकडे हिमनद्याच असतील असं वाटतं. प्रत्यक्षात अर्जेंटिनाकडचा बहुतेक भाग म्हणजे खुरट्या झुडपांचं, वाऱ्याने झोडपलेलं कोरडं माळरान. उंटाच्या कुळातल्या ग्वानाकोंचे कळप तिथे चरतात. पॅसिफिकवरून येणारे वारे अँडीजला अडतात, चिलीच्या बाजूला धो धो पाऊस पाडतात आणि पलीकडे कोरडेच उतरतात. महाबळेश्वर आणि माण-खटाव ज्याने पाहिलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

दुसरी दंतकथा राक्षसी उंचीच्या माणसांची. १५२० मध्ये मॅगेलनचा ताफा हिवाळा काढायला सान हुलियानच्या खाडीत थांबला. आमच्यातला उंचात उंच माणूस तिथल्या माणसाच्या कमरेपर्यंतच पोचत होता, असं सोबतच्या पिगाफेट्टाने लिहून ठेवलं. युरोपात ही कथा अडीचशे वर्षं खपली. १७६६ च्या अखेरीस कॅप्टन वॉलिसने सरळ मापंच घेतली, तर बहुतेक जण भरले पाच फूट दहा इंच ते सहा फूट. हे तेहुएलचे लोक. उंच खरे, पण राक्षस नव्हेत.

सगळ्यात महागात पडला तो 'निर्जन वाळवंट' हा समज. सांताक्रूझ प्रांतात पिंतुरास नदीच्या दरीत 'हातांची गुहा' आहे. कातळावर पंजा टेकवायचा आणि हाडाच्या पोकळ नळीतून त्यावर रंग फुंकायचा. पंजा उचलला की आकृती उरते. बहुतेक पंजे डावे, कारण नळी उजव्या हातात. एका पंजाला तर सहा बोटं आहेत! यातली सर्वांत जुनी चित्रं सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची. १८६५ मध्ये 'मिमोसा' जहाजातून आलेले दीडशेएक वेल्श लोक चुबुत नदीकाठी तगले, त्यातही तेहुएलचेंशी चाललेल्या देवघेवीचा आणि त्यांनी शिकवलेल्या शिकारीचा मोठा हात होता. तिथल्या गायमन गावात वेल्श भाषा आजही शिकवली जाते.

तरीही १८७८ च्या सुमारास अर्जेंटिनाच्या जनरल रोकाने काढलेल्या लष्करी मोहिमेचं नाव होतं 'वाळवंटावरील विजय'. तिथे कुणी राहतच नसेल, तर फौजा कुणाविरुद्ध धाडल्या? हजारो मूळ रहिवासी मारले गेले, कैद झाले, शहरांत घरगडी म्हणून वाटले गेले. जमिनी बड्या मालकांकडे गेल्या आणि रोका १८८० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला.

पेरितो मोरेनो ही प्रसिद्ध हिमनदी फ्रान्सिस्को मोरेनो या संशोधक प्रवाशाने शोधली, असाही एक समज आहे. ती त्याने कधी पाहिलीही नव्हती. नाव नंतर दिलं गेलं. हाच मोरेनो पुढे ला प्लाता इथल्या संग्रहालयाचा संचालक झाला. प्रवासात ज्याच्या तळावर त्याचा पाहुणचार झाला होता, तो इनाकायाल हा मूळ रहिवाशांचा सरदार १८८४ मध्ये पकडला गेला. मोरेनोने त्याला कैदेतून सोडवून आणलं, पण ठेवलं संग्रहालयात. तिथेच तो १८८८ मध्ये वारला आणि त्याचा सांगाडा संग्रहात जमा झाला. वंशजांकडे, चुबुतमधल्या तेका गावी, तो परत गेला १९९४ मध्ये. तोही अर्धवट; उरलेले अवशेष मिळायला २०१४ उजाडलं.