टेंट जुना, कव्हर नवं! उन्हाळ्यासाठी हलकं कव्हर कसं निवडाल?

काजव्यांच्या हंगामात भंडारदऱ्याला टेंट भाड्याने देणाऱ्यांची एक जुनी डोकेदुखी म्हणजे वरचं जड कव्हर. आत नुसता उकाडा! कव्हर आतून चिकट होऊन आंबूस वास मारत असेल तर पाणी अडवणारा लेप गेला समजा. पण काठ्या आणि जाळी धड असताना अख्खा टेंट कशाला बदलायचा? सिलिकॉन लेपाचं पातळ नायलॉन बरंच हलकं. मात्र ते भिजलं की सैल पडतं, दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. उन्हानेही विरतं, म्हणून दिवसा उतरवून ठेवा. माप जुन्या कव्हरवरूनच घ्या, कडा तेवढ्या जमिनीपासून वीतभर वर ठेवा, वारा खेळतो. शिवणींना सिलिकॉनचाच सीलर लावा, दुसरा धरत नाही. वळीव सांगून येत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक यायच्या आधी बादलीभर पाणी ओतून बघा.