दातांच्या तारा : घाई नको, कंटाळाही नको

दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या गणेशोत्सवाचे फोटो आले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आमची तेव्हा १२ वर्षांची असलेली मुलगी जिथे जिथे हसते आहे, तिथे तिथे तिचा हात तोंडावर आहे. ही सवय मी लगेच ओळखली, कारण ती माझीच आहे. पुण्यात नववीत असताना माझ्या पुढे आलेल्या दातांना क्लिप लावली होती. त्या खर्चापायी वडिलांनी नवी स्कूटर घेणे दोन वर्षे पुढे ढकलले. दात छान सरळ झाले. मग डॉक्टरांनी रात्री घालायला एक प्लेट दिली. ती पुढे हॉस्टेलच्या कपाटात पडून राहिली आणि दात हळूहळू पुन्हा पुढे आले. वडिलांना मी कधी सांगितले नाही. त्यांना दिसत होतेच.

मुलीला तारा लावायचे ठरले, तेव्हा या वेळी सगळे नीट समजून घ्यायचे असे मी ठरवले. सांता क्लारा आणि आसपासच्या ज्या घरांत आता हा विषय निघेल, त्यांच्यासाठी हा अनुभव.

पहिला प्रश्न : केव्हा दाखवायचे? अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सचे म्हणणे असे, की वयाच्या ७व्या वर्षापर्यंत मुलाला एकदा दाखवून आणावे. याचा अर्थ ७व्या वर्षी तारा असा नव्हे. जबड्याच्या वाढीत काही दोष असेल तर तो वेळेवर कळतो, एवढेच. बहुतेक मुलांना तारा लागतात त्या दुधाचे दात पडल्यावर, साधारण ११ ते १४ या वयात. एखाद्याने चार दात काढायला सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला संकोच करू नका.

आता मुख्य गोष्ट. दात म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेने दाताला हलका रेटा दिला, की ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड शरीरातल्याच काही पेशी विरघळवतात, आणि मागे जी जागा मोकळी होते तिथे दुसऱ्या पेशी नवे हाड भरतात. तार फक्त दिशा दाखवते, काम शरीर करते. या कामाचा वेग महिन्याला साधारण १ मिलिमीटर.

"जरा जास्त घट्ट केले तर लवकर होईल का?" असे मी विचारलेच. इंजिनिअरची खोड! उत्तर आले, नाही. जोर जास्त झाला तर त्या थराचा रक्तपुरवठाच दबतो, काम अडते आणि दाताच्या मुळाला इजा होऊ शकते. म्हणून हवा असतो मंद पण सतत जोर. साध्या पोलादी तारेचा जोर दात थोडा सरकताच झपाट्याने उतरतो. निकेल आणि टायटॅनियमचा 'नायटिनॉल' हा मिश्रधातू १९६०च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या मेरीलँडमधील प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांना गवसला. १९७०च्या दशकात आयोवा विद्यापीठाच्या जॉर्ज अँड्रेसन यांनी तो दातांसाठी आणला. आजच्या अशा तारा बऱ्याच वाकवल्या तरी जवळपास एकसारखा हलका जोर देत राहतात. त्यामुळे डॉक्टरांकडे फेरी ६ ते ८ आठवड्यांनी एकदा पडते. एकूण काळ धरावा दीड ते दोन वर्षे, कधी त्याहून जास्त.

पहिल्या दिवसाची भीती मुलांना फार असते. खरे तर त्या दिवशी सुई नसते आणि दुखतही नाही. दात कोरडे करून त्यांवर सौम्य आम्लाचा लेप देतात, ब्रॅकेट चिकटवतात, निळ्या प्रकाशाने तो डिंक पक्का करतात आणि तार ओवतात. तास-दीड तासाचे काम. दुखणे सुरू होते चार-सहा तासांनी, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि आठवड्याभरात ओसरते. त्यामुळे गुरुवारी-शुक्रवारी अपॉइंटमेंट घ्या आणि शनिवार-रविवार मोकळे ठेवा. गालाला ब्रॅकेट टोचते तिथे त्यांनी दिलेले मेण लावायचे, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरायच्या.

पहिले चार दिवस मऊ भात, वरण, खिचडी, शिरा. पुढे पोळीभाजी चालते. चिक्की, चकली, कडक लाडू, दाताने कुरतडायचे कणीस आणि च्युइंगगम मात्र बंद. उकडीच्या मोदकांना हरकत नाही! आणखी एक गोष्ट इथले डॉक्टर सहसा सांगत नाहीत : आपली हळद. ब्रॅकेटभोवतीची पांढरी किंवा पारदर्शक रबरे एका आमटीत पिवळी होतात. गडद रंगाची निवडावीत. ब्रश मात्र प्रत्येक जेवणानंतर हवा. नाहीतर तारा निघाल्यावर दात सरळ, पण त्यांवर पांढरे डाग, अशी गत होते.

खर्च काही हजार डॉलर येतो. दातांच्या विम्यात याला बहुधा आयुष्यभराची एक मर्यादा असते, अनेक योजनांत १,००० ते २,००० डॉलर. ही रक्कम बहुतेक वेळा उपचार चालू असेपर्यंत हप्त्यांनी मिळते. आमच्या ७व्या महिन्यात माझी नोकरी गेली, विमा संपला आणि हप्ते थांबले, तेव्हा हे कळले. दवाखान्याने पैसे महिन्यावारी फेडू दिले म्हणून निभावले. आपल्या व्यवसायात हे कोणावरही येऊ शकते. करार करतानाच विचारा : नोकरी बदलली, गाव सोडले, भारतात परतलो तर काय?

मोठ्यांनीही निराश होऊ नये. हिरड्या निरोगी असतील तर हाडाची ही शक्ती आयुष्यभर टिकते. त्यांच्यासाठी पारदर्शक अलाइनरही आहेत. 'इन्व्हिझलाइन' काढणारी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी १९९७मध्ये झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी सुरू केली आणि काही वर्षे तिचे मुख्य कार्यालय आपल्या सांता क्लारातच होते. चिश्तींनी मोठेपणी तारा लावल्या होत्या. नंतर रिटेनर घालायचा राहिला की दात सरकत आणि पुन्हा घातला की जागेवर येत, यावरून त्यांना ही कल्पना सुचली. अलाइनर दिवसाला २० ते २२ तास घालावे लागतात, म्हणून आमच्या वेंधळ्या कन्येला डॉक्टरांनी ताराच सुचवल्या.

म्हणजे माझे कपाट आणि चिश्तींची कल्पना, दोन्ही एकाच गोष्टीतून निघाले. तारा काढल्या तरी हाड आणि तंतू स्थिरावायला बराच काळ लागतो, आणि पुढेही वयानुसार दात थोडेथोडे सरकतच राहतात. दात जितकी वर्षे सरळ हवेत, तितकी वर्षे रात्री रिटेनर घालावा.

पुढच्या महिन्यात मुलीच्या तारा निघतील. "बाबा, पहिल्यांदा चिक्की खाणार," असे तिने बजावले आहे. चिक्की आणून ठेवली आहे. हॉस्टेलच्या कपाटाची गोष्टही मी तिला सांगितली आहे, आणि या दिवाळीच्या फोनवर आजोबांनाही सांगणार आहे.