पावसाळ्यात झिजलेले गिअर आणि हिवाळ्यातला घाट: कॅसेट बदलू की सगळा सेट?

हा भाग सरावलीच्या घरी गॅलरीत बसून रेकॉर्ड केलाय, त्यामुळे ऑडिओत मध्येच रिक्षा आणि शेजारच्यांचा कुकर ऐकू येतो. लिहून काढताना तेवढं गाळलं, बाकी बोललो तसंच ठेवलंय. आकडे बरेच आहेत, म्हणून बऱ्याच जणांनी लिखित मागितलं होतं. घ्या.

तर, थंड देशांतले सायकलवाले 'विंटर बाईक' ठेवतात. म्हणजे चांगली सायकल घरात, आणि चिखल, मीठ, गारठा खायला एक जुनी, मडगार्ड लावलेली. आपल्याकडे तिचं काम उलट्या ऋतूत सुरू होतं. जून ते सप्टेंबर ती बोईसर-पालघरच्या पाण्यात भिजते, आणि नोव्हेंबरात हवा सुधारली की तिच्यावरच आपण घाटात जायची स्वप्नं बघतो. माझी तर दुसरी सायकलच नाही. पावसाळीही तीच, हिवाळीही तीच. ८-स्पीड, पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या, मागे ११ ते २८.

गेल्या डिसेंबरात मी आणि एक मित्र जव्हारला निघालो. पालघर, वाघोबा खिंड, मनोर, विक्रमगड, आणि मग पुढचा चढ. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे आणि आपण राहतो जवळजवळ समुद्राच्याच पातळीवर. वाघोबा खिंडीत मी मजेत होतो. विक्रमगडनंतर सगळ्यांत हलक्या गिअरवर आलो, तरी पाय जड. अंगठा शिफ्टर दाबत होता, पण पुढे काही शिल्लकच नव्हतं. उजवा गुडघा बोलायला लागला. उतरलो, चालत गेलो. घरी आल्यावर आठवडाभर जिना उतरताना कठड्याला धरत होतो.

वडिलांना याचं फार हसू आलं. त्यांनी एमआयडीसीत वर्षानुवर्षं शिफ्टला एकाच गिअरची काळी सायकल चालवली. त्यांचं म्हणणं, "चढ आला की उतरायचं. चालणं हा पण गिअरच." खोटं नाही ते. पण जानेवारीत घाट असलेली २०० किलोमीटरची ब्रेव्हे करायची होती. तिथे साडेतेरा तासांची मुदत असते, आणि गुडघा दुखत असताना मला ती मुदत पाळायची नव्हती.

दुकानात गेलो तर उत्तर तयार होतं: "११-स्पीड टाका." खर्च म्हणाल तर माझ्या सायकलच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त. कारण फक्त चकत्या बदलत नाहीत. शिफ्टर, डिरेलर, चेन सगळं नवं, आणि ११-स्पीडची रोड कॅसेट जुन्या ८-स्पीडच्या हबवर सहसा बसत नाही, म्हणजे मागचं चाकही आलं. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. मग त्या सेटची कॅसेट विचारली. ११ ते २८! म्हणजे एवढे पैसे घालून माझा सगळ्यांत हलका गिअर होता तिथेच राहणार. मधे तीन पायऱ्या वाढणार, जिन्याची उंची तेवढीच.

इथे थांबून हिशेब करू. पुढे ३४ दाते, मागे २८. ३४ भागिले २८ म्हणजे १.२१. पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक १.२१ वेळा फिरतं. रोड सायकलच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे २.५५ मीटर. आता चढ. माझं वजन ७२, सायकल, पाणी, सामान १४, एकूण ८६ किलो. ६ टक्के चढावर ताशी ८ किलोमीटरने जायला अंदाजे १२५ वॉट लागतात, आणि ती माझी दमून-भागून टिकणारी ऐपत. त्या वेगाला ३४-२८वर पाय मिनिटाला ५२ फेरे मारतात. प्रत्येक फेरा म्हणजे एक कुंथणं.

मागे २८ऐवजी ३२ लावली तर? तेवढाच वेग, तेवढेच वॉट, फेरे ६०. आणि पायडलवरचा जोर २८ भागिले ३२, म्हणजे बरोबर आठवा हिस्सा कमी. गिअर आपल्याला ताकद देत नाही, हे डोक्यात पक्कं करा. ८ची गती १२ होणार नाही. तीच ताकद तो लहान लहान घासांत खायला देतो, आणि गुडघ्याला घासाचा आकार कळतो.

हलका गिअर म्हणजे कमजोरी, असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा की 'टूर दी फ्रान्स'मध्ये १९३७ सालापर्यंत स्पर्धकांना डिरेलर वापरायला बंदी होती. त्याआधी घाटाच्या पायथ्याशी थांबायचं, मागचं चाक काढून उलटं लावायचं, कारण दुसऱ्या बाजूला वेगळ्या दात्यांची चकती. शौर्यापेक्षा पान्याचं काम जास्त.

मग ३२ लावून मोकळं व्हावं ना? नाही. इथेच माझे दोन आठवडे गेले.

८-स्पीडच्या ११-२८ कॅसेटमध्ये दाते असे: ११, १३, १५, १७, १९, २१, २४, २८. ११-३२मध्ये: ११, १३, १५, १८, २१, २४, २८, ३२. चकत्या आठच आहेत. एक वर जोडली की खालून एक जाते. १७ आणि १९ गेल्या, त्यांच्या जागी एकटी १८ आली. आणि आपण राहतो कुठे? सपाटीवर. बोईसर, पालघर, चिंचणी, तारापूर, सगळीकडे मी पुढच्या ५०वर आणि मागे १७ नाहीतर १९वरच असतो. ताशी २५ला १९वर मिनिटाला ७५ फेरे होतात, मला अगदी जमणारे. नव्या कॅसेटवर एकतर १८वर ७१ नाहीतर २१वर ८३. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की हा फरक पायाला चांगला जाणवतो.

म्हणजे प्रश्न असा की वर्षातून चार वेळा भेटणाऱ्या घाटासाठी रोजच्या रस्त्यावरची सोय सोडायची का? तुम्ही पालघरच्या पुढे जात नसाल तर माझं मत स्पष्ट आहे, काही बदलू नका. वाघोबा खिंड २८वर निघते. पण घाटात जाणार असाल आणि गुडघ्याने एकदा इशारा दिला असेल, तर सोडा. सपाटीवर चुकीच्या गिअरने फक्त चिडचिड होते. घाटात महिनाभर सायकल बंद पडू शकते.

माझा निर्णय शेवटी स्टीलच्या पट्टीने केला. पावसाळ्यात चेनमध्ये पाणी आणि बारीक रेती जाते, पिना झिजतात आणि चेन लांबते. नव्या चेनचे १२ पूर्ण जोड, म्हणजे आतली आणि बाहेरची कडी मिळून एक असे बारा, बरोबर १२ इंच भरतात. हे माप १/१६ इंचाने वाढलं की चेन बदला, कॅसेट बहुतेक वाचते. १/८ इंच वाढलं तर कॅसेटही गेली समजा, कारण नवी चेन जुन्या झिजलेल्या दात्यांवर जोर लावताच घसरते. माझं माप १/८च्या पुढे होतं. म्हणजे कॅसेट आणि चेन मला तशीही घ्यायचीच होती. ११-२८ घ्या की ११-३२, खर्च जवळपास तोच. दोन्ही मिळून अडीच हजारांच्या आत पडलं. आमच्या भाषेत, सगळा प्रोजेक्ट नव्याने लिहायला निघालो होतो आणि एक ओळ बदलून काम झालं.

ऑर्डर करण्याआधी मात्र सायकल उलटी करून बघा. डिरेलरच्या दोन मर्यादा असतात. एक, सगळ्यांत मोठी चकती किती दात्यांची चालते. दोन, एकूण किती ढील तो ओढून घेऊ शकतो. ढिलीचा हिशेब: पुढचा फरक ५० वजा ३४ म्हणजे १६, मागचा ३२ वजा ११ म्हणजे २१, एकूण ३७. डिरेलरच्या मागच्या बाजूला मॉडेल नंबर असतो, तो टाकून कंपनीच्या साईटवर हे दोन आकडे काढा. खालचा दांडा आखूड असेल तर बऱ्याचदा ३२ चालत नाही. मित्राचं तसंच निघालं, त्याला लांब दांड्याचा डिरेलर घ्यावा लागला.

चेनची लांबी तर विसरूच नका. मोठ्या चकतीला जास्त कड्या लागतात. जुनी चेन समोर धरून नवी तेवढीच कापली आणि चुकून पुढे-मागे दोन्हीकडे मोठी चकती पडली, तर चेन ताणून डिरेलर मोडू शकतो. आणि स्वस्तातल्या ७-स्पीड सायकलींवर बहुतेक कॅसेट नसतेच, आटे फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. त्यावर ११-३२ शोधू नका. तिथे १४-३४चं फ्रीव्हील मिळतं, पण वरच्या दोन मर्यादा त्यालाही लागू.

ब्रेव्हे झाली. घाटात मी पूर्वीइतकाच हळू होतो, मित्र वर जाऊन चहा पिऊन बसला होता. पण उतरलो नाही, आणि दुसऱ्या दिवशी जिना कठड्याशिवाय उतरलो. वडिलांनी ते पाहिलं, बोलले काही नाहीत.

चिंचणीच्या रस्त्यावर संध्याकाळी समोरून वारा आला की अंगठा अजून ती १७ची चकती शोधतो. १५वर जड होतं, १८वर जरा हलकं. मग १८वर टाकतो आणि पाय थोडे भरभर फिरवतो.