आठवणीचं माप, कोणाच्या गजाने?

यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबच्या शिवारातला कापूस खरेदी केंद्रावर पोचला की ग्रेडर चिमूटभर रुई घेतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढतो आणि धाग्याचा अंदाज सांगतो. ओलावा मात्र तो बोटांवर सोडत नाही, तिथे मीटर लागतो. ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव उतरतो, १२ च्या पुढे भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) माल घेत नाही.

मेंदूच्या एमआरआयचं काम बरीच वर्षं धाग्यासारखं, नजरेवर चाललं. आठवणी साठवायला मदत करणारा हिप्पोकॅम्पस कानाच्या आतल्या बाजूला, खोल दडलेला असतो. एका बाजूचा जेमतेम ३ ते ४ घन सेंटीमीटर, चहाच्या चमच्यात मावेल एवढा. अल्झायमरमध्ये तो लवकर आक्रसतो. फिलिप शेल्टन्स या डच न्यूरॉलॉजिस्टने १९९२ मध्ये हे आक्रसणं जोखायला ० ते ४ अशी श्रेणी सुचवली. डॉक्टर चित्र पाहून आकडा देतो, पण दोन डॉक्टरांचे आकडे जुळतीलच असं नाही.

आता मीटर आला आहे. ‘न्यूरोक्वांट’ या सॉफ्टवेअरला अमेरिकेच्या एफडीएने २००६ मध्ये मंजुरी दिली. अशी सॉफ्टवेअर मेंदूच्या चित्राचे साधारण एक मिलिमीटरचे ठोकळे पाडतात. ठोकळ्याचा उजळपणा आणि जागा नकाशाशी ताडून तो कोणत्या भागाचा हे ठरवतात, मग मोजतात. डोकंच मोठं असेल तर सगळंच मोठं, म्हणून कवटीच्या आकाराचा हिशेब धरतात. शेवटी त्याच वयाच्या निरोगी माणसांत हा मेंदू कितवा लागतो ते सांगतात.

ही निरोगी माणसं कुठली? खरी अडचण इथेच आहे. जगभर वापरला जाणारा नकाशा कॅनडातल्या माँट्रियलचा. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या स्कॅनवरून आपला नकाशा बनवला, तेव्हा भारतीय मेंदू सरासरीने त्याहून लांबी, रुंदी, उंचीला लहान निघाला. परक्या गजाने मोजलं तर धडधाकट म्हातारीही आजारी ठरू शकते. त्यात हैदराबादच्या नकाशातली माणसंही तरुण होती. सत्तरीतल्या, उन्हातान्हात राबलेल्या, शाळा न पाहिलेल्या बायांचं माप अजून हवंच आहे.

हवं आहे, कारण आजार गावात आहे. लासी-डॅड या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. बायांमध्ये आणि खेड्यांत प्रमाण जास्त. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटवतात. तपासणीला नेलं तरी घड्याळाचं चित्र काढा, वाक्य लिहा असे प्रश्न असतात. जिने आयुष्यभर वेचणीचे किलो आणि मजुरीचे पैसे तोंडी जमवले, ती या कागदावर नापास होणारच. स्कॅन अक्षरओळख विचारत नाही.

पण स्कॅन एकटा निकाल देत नाही. डोकं हललं तर चित्र धूसर होतं आणि मेंदू आहे त्याहून पातळ मोजला जातो, त्यामुळे कंप असलेल्या आजोबांना मशीन नाहक दोषी धरू शकतं. बी-१२ कमी पडलं, थायरॉइड बिघडला तरी विसरभोळेपण येतं. पुण्याच्या केईएममधील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या २००६ च्या अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं. ही रक्ततपासणी एमआरआयच्या मानाने स्वस्त आहे, ती आधी व्हावी.

सगळ्यांत भरवशाची तुलना माणसाची स्वतःशीच. निरोगी म्हातारपणी हिप्पोकॅम्पस वर्षाला सुमारे दीड टक्का घटतो, अल्झायमरमध्ये चार-साडेचार टक्के. वर्षाने त्याच मशीनवर पुन्हा स्कॅन केला तर हा फरक दिसतो, मात्र पहिला स्कॅन मोजण्याजोगा हवा. ट्रंकेत जपलेल्या काळ्या फिल्मवरून सॉफ्टवेअरला काही मोजता येत नाही. म्हणून यवतमाळला स्कॅन करताना पातळ कापांचा थ्रीडी स्कॅन होतोय का ते विचारावं आणि फिल्मसोबत सीडीही मागून घ्यावी.