शाळेची घंटा आणि शिक्षणाची थकबाकी

खुलताबाद तालुक्यातील प्राथमिक शाळांचे दैनंदिन कामकाज आता पूर्ववत झाले आहे, असे म्हणावयास हरकत नसावी. ठरल्या वेळी घंटा होते, मुले रांगेत उभी राहून राष्ट्रगीत व प्रतिज्ञा म्हणतात, परिपाठ होतो, हजेरी घेतली जाते, मधल्या सुट्टीत खिचडीची ताटे मांडली जातात आणि वर्षाच्या अखेरीस निकालपत्रके वाटली जातात. तोंडावरच्या मुखपट्ट्या गेल्या, एका बाकावर एकच मूल बसविण्याचा नियम गेला. जून २०२२ मध्ये शैक्षणिक वर्ष नेहमीच्या वेळी सुरू झाले आणि शाळेच्या वेळापत्रकातून महामारी निघून गेली. परंतु वेळापत्रकातून जी गोष्ट निघून जाते ती मुलाच्या पाटीवरूनही पुसली जाते काय, हा प्रश्न निराळा आहे. त्याचा विचार शिक्षणखात्याने जितका करावयास हवा तितकाच अर्थशास्त्राच्या अभ्यासकानेही करावयास हवा. कारण हा मूलतः थकबाकीचा प्रश्न आहे.

प्रथम घटनाक्रम ध्यानात घेणे इष्ट ठरेल. मार्च २०२० च्या मध्यावर राज्यातील शाळा बंद होऊ लागल्या. पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेवाचून वरच्या वर्गात घालण्यात आले. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून व पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून उघडू लागले. पण दुसऱ्या लाटेने तेही मिटविले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शाळा पुन्हा उघडल्या त्या ग्रामीण भागात पाचवीपासून पुढच्या मुलांसाठी. पहिली ते चौथीच्या ग्रामीण मुलांना शाळेत येण्याची परवानगी मिळाली १ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे सुमारे वीस महिन्यांनी. तीही पुरती स्थिरावण्यापूर्वी जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही दिवसांची बंदी आली. ज्या वयात मूल अक्षर गिरविते, ते वय सर्वांत शेवटी शाळेत परतले.

खुलताबादसारख्या गावी या क्रमाचा अर्थ विशेष स्पष्ट होतो. भद्रा मारुती, सुफी संतांचे दर्गे, औरंगजेब व मलिक अंबर यांच्या कबरी आणि काही किलोमीटरवर वेरूळची लेणी व घृष्णेश्वर, यांच्या आधारे येथील अनेक कुटुंबांची चूल पेटते. नारळ, फुले, प्रसाद विकणारे, रिक्षा चालविणारे, उपाहारगृहांत राबणारे, यांचे उत्पन्न यात्रेकरू व प्रवाशांच्या पावलांवर अवलंबून असते. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला जी गर्दी लोटते, तिच्यावर पुढच्या कित्येक आठवड्यांचा हिशेब बेतलेला असतो. महामारीत ही पावले थांबली. पुढे राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी पाडव्याच्या मुहूर्तावर उघडली, वेरूळची लेणी त्याच वर्षीच्या डिसेंबरात उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली, आणि प्रार्थनास्थळे परत उघडली ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला. देवळाचे व दर्ग्याचे दार दोन वेळा उघडले, तोवर पहिली-दुसरीच्या वर्गाचे दार एकदाही उघडले नव्हते. रोजगार सुरू करणे आवश्यक होते आणि पालकांच्या मनातील भीतीही खोटी नव्हती. तथापि समाजाच्या गरजांची क्रमवारी लावताना प्राथमिक शाळेला आपण कोणते स्थान दिले, हे या तारखांवरून कळते.

शाळा बंद असताना शिक्षण मात्र सुरू होते, असे त्या काळी वारंवार सांगितले जाई. प्रयत्न झाले नाहीत असे कोणी म्हणणार नाही. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविण्यात आली, मोबाइलवरून स्वाध्याय पाठविण्यात आले, अनेक शिक्षकांनी ओट्यावर व झाडाखाली मुले जमविली. परंतु ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात, त्या घरातील सात वर्षांच्या मुलाच्या हाती यातले काय पडणार? ज्याँ द्रेझ, रितिका खेरा प्रभृतींच्या पुढाकाराने ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांत सुमारे १,४०० मुलांची पाहणी झाली. तीत ग्रामीण मुलांपैकी अवघी ८ टक्के नियमितपणे ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुले अजिबात शिकत नव्हती. अझीम प्रेमजी प्रतिष्ठानने जानेवारी २०२१ च्या सुमारास पाच राज्यांतील सोळा हजारांहून अधिक मुलांची पाहणी केली. त्यांतील ९२ टक्के मुले आदल्या वर्षी येत असलेले भाषेचे किमान एक कौशल्य गमावून बसली होती. म्हणजे नवे शिकणे थांबले एवढेच झाले नाही, शिकलेलेही ओसरले.

येथपर्यंतचे नुकसान शाळाबंदीचे. परंतु याहून मोठे नुकसान शाळा उघडल्यानंतर होऊ शकते, आणि त्याकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये उत्तर पाकिस्तान व पाकव्याप्त काश्मीरमध्ये भीषण भूकंप झाला. तेथील शाळा सरासरी चौदा आठवडे बंद होत्या. ताहिर अंद्राबी, बेंजामिन डॅनिअल्स व जिष्णु दास या अभ्यासकांनी चार वर्षांनी त्या भागातील मुलांची चाचणी घेतली. तोवर घरे पुन्हा उभी राहिली होती, मदतीचा पैसा पोहोचला होता, शाळांतील पटसंख्याही पूर्ववत झाली होती. तरीही भूकंपरेषेजवळची मुले दूरच्या मुलांहून सुमारे दीड इयत्ता मागे होती. चौदा आठवड्यांच्या खंडातून दीड वर्षाची तूट कशी निर्माण झाली? अभ्यासकांचा तर्क असा की, शाळा उघडल्यावर शिक्षकांनी पाठ्यपुस्तक पुढे नेले, मूल मात्र जेथे थांबले होते तेथेच राहिले. मग दर वर्षी पुस्तक व मूल यांतील अंतर वाढत गेले. सावकाराच्या मुदलावर चक्रवाढ व्याज चढते तसाच हा प्रकार आहे. पहिलीची बाराखडी राहून गेली तर दुसरीचा धडा वाचता येत नाही, दुसरीची वजाबाकी राहिली तर चौथीचा भागाकार कळत नाही, आणि पाचवीत आल्यावर त्या मुलाला ‘ढ’ ठरवून आपण मोकळे होतो.

याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष मननीय आहे. ज्या मुलांच्या आयांचे प्राथमिक शिक्षण पूर्ण झाले होते, त्या मुलांत ही तूट आढळली नाही. आईचे चार-पाच इयत्तांचे शिक्षण भूकंपाला पुरून उरले. याचा दुसरा अर्थ असा की, तुटीचा सारा भार ज्या घरांत अक्षरओळख नव्हती त्या घरांवर पडला. आपल्याकडेही महामारीने सर्वांना समान तडाखा दिला हे म्हणणे खरे नाही. शिकवणी लावू शकणाऱ्या घरातील मूल आणि शेतमजुराच्या घरातील मूल एकाच वर्गात, एकाच हजेरीपटावर असतात. पण एकाच ठिकाणाहून ती परत आलेली नाहीत.

आता कोणी म्हणेल की, हे सारे भरून निघाल्याचे आकडे प्रसिद्ध झालेले आहेत. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्के झाले. हे यश उणे लेखण्याचे कारण नाही. परंतु सरासरी वाचताना ती कोणाची आहे हे विचारले पाहिजे. २०२४ साली तिसरीत असलेले मूल जून २०२२ मध्ये पहिलीत आले, म्हणजे त्याची शाळा कधी बंदच पडली नव्हती! सुधारलेला आकडा त्याचा आहे. ज्याची पहिली व दुसरी बुडाली, ते मूल २०२४ साली पाचवीत होते. पाचवीतील मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, २०२४ मध्ये ४८.८ टक्के. येथेही घसरण बरीचशी भरून निघालेली दिसते. पण भरून निघून आपण पोहोचलो कोठे? प्राथमिक शिक्षणाच्या अखेरच्या वर्षी निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, या ठिकाणी. ‘पूर्ववत’ या शब्दाने आपण समाधान मानतो तेव्हा या निम्म्या मुलांची अवस्थाही पूर्ववत झाली, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

धोरणाच्या पातळीवर या मुलांची उपेक्षाच झाली. केंद्राचे ‘निपुण भारत’ अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले. त्याचा मुख्य भर तिसरीपर्यंतच्या पायाभूत वाचन-गणितावर होता, आणि तो योग्यच होता. महाराष्ट्रात १ जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, पण त्या वेळी प्राथमिक शाळाच उघडलेल्या नव्हत्या. दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी राज्याचा कृती कार्यक्रम आला तो मार्च २०२५ मध्ये. तोवर जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेले मूल पाचवीच्या अखेरीस पोहोचले होते. दरम्यान, डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा लागू केली; अनुत्तीर्ण झालेल्यास पुन्हा एक संधी आणि त्यानंतर त्याच वर्गात मुक्काम. परीक्षा असाव्यात की नसाव्यात हा वाद येथे बाजूला ठेवू. पण जिला पहिली-दुसरीत शाळेचे दर्शन जवळपास घडले नाही आणि जिला कोणी परीक्षेवाचून पुढे ढकलले हे ठाऊक आहे, तिच्याकडूनच प्रथम हिशेब मागावा, यात न्याय कोणता? येणे वसूल करण्यापूर्वी देणे चुकते करावे, हा साधा व्यवहार आहे.

हे देणे फेडता येते, याची उदाहरणे आहेत. तमिळनाडू सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘इल्लम थेडी कल्वी’, म्हणजे दारोदार शिक्षण, ही योजना सुरू केली. गावातल्याच जवळपास दोन लाख स्वयंसेवकांनी, प्रामुख्याने तरुणींनी, सायंकाळी तास-दीड तास मुलांना गोळा करून शिकविले. अभिजीत सिंग, मॉरिसिओ रोमेरो व कार्तिक मुरलीधरन यांच्या अभ्यासात असे दिसले की, शाळा उघडल्यानंतर सहा महिन्यांत गमावलेल्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश शिक्षण भरून निघाले आणि त्यातील जवळजवळ चौथा हिस्सा या योजनेचा होता. इयत्तेकडे न पाहता मुलाला जेवढे येते त्यानुसार गट पाडून शिकविण्याची पद्धत तर आपल्याच राज्यात, मुंबईतील महापालिका शाळांत, दोन दशकांपूर्वी पारखली गेली. अभिजीत बॅनर्जी व एस्थर डफ्लो यांनी तेथे व वडोदऱ्यात केलेले प्रयोग विख्यात आहेत. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मायकेल क्रेमर यांच्यासह मिळाले. आपल्या अंगणातली वस्तू आपणच वापरू नये, हे आश्चर्य म्हटले पाहिजे.

खुलताबाद हा लहान तालुका आहे, आणि लहान असणे येथे सोयीचे आहे. शाळेच्या वेळेतील रोजचा एक तास तिसरी ते आठवीच्या सर्व मुलांसाठी राखून ठेवावा व त्या तासापुरत्या इयत्तांच्या भिंती काढून टाकाव्यात. वाचता न येणारी सहावीतली मुलगी व तिसरीतला मुलगा एका गटात बसले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. मराठी व उर्दू या दोन्ही माध्यमांच्या शाळांत हे एकाच वेळी व्हावे. शिक्षकांच्या मागे लागलेली सर्वेक्षणे, याद्या आणि ॲपवरच्या माहितीची भरती निदान त्या तासात तरी त्यांना गाठणार नाही, अशी हमी प्रशासनाने द्यावी. मातागटांच्या बैठकांत छायाचित्रांपेक्षा आयांच्या साक्षरतेकडे लक्ष द्यावे. त्यावर केलेला खर्च मुलाच्या शिक्षणावरच केलेला असतो. आणि शाळा व्यवस्थापन समितीने दर तीन महिन्यांनी पालकांपुढे एकच आकडा ठेवावा: पटावरील किती मुलांना साधा परिच्छेद वाचता येतो. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, परदेशी तज्ज्ञ लागत नाही. लागतो तो, पुस्तक संपविण्यापेक्षा मूल शिकविणे महत्त्वाचे मानण्याचा निश्चय. आणि तसे करणाऱ्या शिक्षकाला ‘अभ्यासक्रम मागे पडला’ म्हणून जाब न विचारण्याचा समंजसपणा.

मार्च २०२५ मध्ये खुलताबादचे नाव देशभर गाजले, ते तीनशे वर्षांहून जुन्या एका कबरीच्या वादामुळे. त्या वादात कोणाची बाजू खरी, याचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. परंतु त्या आठवड्यांत या गावाविषयी जेवढे बोलले व लिहिले गेले, त्याचा शतांशही येथील मुलांना वाचता येते की नाही याविषयी बोलला गेला नाही. गावाच्या भूतकाळाबद्दल आस्था असणाऱ्यांनी त्याच्या भविष्यकाळाबद्दलही तेवढाच आग्रह धरावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. जून २०२० मध्ये ज्यांची नावे पहिलीच्या पटावर चढली, ती मुले सारे सुरळीत झाले तर २०३२ च्या सुमारास महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात येऊन बसतील. तेथे त्यांना बाराखडी शिकविणे कोणालाही शक्य होणार नाही. त्यांतील कितीजण त्या बाकापर्यंत पोहोचतात, हे तालुक्यातील शाळा राखून ठेवील त्या एका तासावर बव्हंशी अवलंबून आहे, आणि तो तास ठेवावयाचा तर तो आताच ठेवला पाहिजे.